कट्ट्यावरचे बोलणे आणि कलम ६६-अ

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही, अशी म्हण आपल्याकडे आहे. पण बोलणाऱ्याचे तोंड धरण्याचा प्रयत्न प्रत्येक काळातल्या सत्तेने केलेला आहे. छापखाना आला तेव्हा तो झाला, इंटरनेट आले तेव्हाही झाला. त्यातल्या अलीकडच्या एका प्रयत्नाची हकिगत आज सांगायची आहे. ती आपल्या अगदी जवळ, पश्चिम रेल्वेवरच्या पालघर गावात घडली.

तारीख होती १८ नोव्हेंबर २०१२, वार रविवार. आदल्या दिवशी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले होते. शिवाजी पार्कवर अंत्यदर्शनासाठी अफाट जनसमुदाय लोटला होता आणि मुंबई बंद होती. त्या दिवशी पालघरमधल्या एका तरुण मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. शहर बंद आहे ते आदरापोटी नव्हे तर भीतीपोटी, असा त्यांचा मथितार्थ. तिच्या एका मैत्रिणीने त्या मजकुराला ‘लाइक’ केले, म्हणजे आवडल्याची खूण केली. एवढेच. तक्रार झाली, मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनाही अटक झाली. त्याच दिवशी प्रत्येकी पंधरा हजार रुपयांच्या जामिनावर त्या सुटल्या.

त्या मुलीचे मत बरोबर होते की चूक, हा आजचा विषय नाही. दुःखाच्या दिवशी असे लिहावे काय, असे अनेकांना वाटले असेल आणि तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. प्रश्न वेगळा आहे. हेच वाक्य ती लोकलच्या डब्यात मैत्रिणीशी बोलली असती, तर पोलीस आले असते काय? नाही. मग ते पडद्यावर उमटल्याबरोबर गुन्हा कसा झाला?

त्याचे उत्तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये होते. मूळ कायदा २००० सालचा. तो मुख्यतः संगणकावरचे व्यवहार आणि इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी यांच्यासाठी झाला होता. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, संसदेने त्यात मोठी दुरुस्ती केली. फारशी चर्चा झाली नाही. त्या दुरुस्तीतून हे कलम आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झाले. संगणकावरून किंवा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवला, अथवा खोटा असल्याचे माहीत असलेला मजकूर त्रास, गैरसोय, अपमान, वैर, द्वेष किंवा दुर्भावना यांसाठी पाठवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. वॉरंटशिवाय अटक करण्याची मुभा. आता ‘गैरसोय’ म्हणजे काय? ‘आक्षेपार्ह’ कोणाला वाटायला हवे? कायद्यात व्याख्या नव्हती.

या शब्दांचे कूळ शोधत गेले की आपण १९३५ च्या इंग्लंडमध्ये पोचतो. तिथे टेलिफोन तेव्हा पोस्टखात्याच्या ताब्यात होता. टेलिफोनवरून शिवीगाळ, अश्लील किंवा धमकीचे बोलणे करणाऱ्यास शिक्षा व्हावी म्हणून तिथल्या पोस्टाच्या कायद्यात एक दुरुस्ती झाली. आपल्या कलमाची वंशावळ त्या दुरुस्तीपर्यंत जाते, हे पुढे सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले. टेलिफोनवर एक माणूस दुसऱ्या एका माणसाशी बोलतो. फेसबुकवर माणूस चारचौघांत बोलतो. घरातल्या दाराची कडी चव्हाट्याला लावावी, तसा हा प्रकार झाला.

दुसरी वंशावळ आपल्या घरातली आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला मुंबईत चालला. राजद्रोहाचे १२४-अ हे कलम १८७० मध्ये दंडविधानात आले होते. सरकारविषयी ‘अप्रीती’ निर्माण करणे हा त्यातला गुन्हा. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, तिरस्कार आणि हरतऱ्हेची दुर्भावना त्यात येते. लोकमान्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले. आता हे शब्द ६६-अ शी ताडून पाहा. वैर, द्वेष, दुर्भावना हे तिन्ही शब्द दोन्हीकडे आहेत. मधे एकशे अकरा वर्षे, दोन महायुद्धे, स्वातंत्र्य आणि एक राज्यघटना होऊन गेली होती.

तरीही एक मोठा फरक आहे, आणि इंटरनेटने लोकशाहीचे काय केले याचे उत्तर त्या फरकात आहे. टिळकांच्या काळी सार्वजनिक बोलायचे तर छापखाना लागे, कागद लागे, वर्गणीदार लागत. म्हणून सरकारचा डोळा संपादकावर आणि मुद्रकावर असे. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा मुद्रक-प्रकाशकाकडून हमीपत्र मागत असे. १९१० च्या प्रेस कायद्याने अनामत रकमा घेतल्या. संपादकही तयारीचा असे. आपण काय लिहितो आणि त्याची किंमत काय, हे त्याला ठाऊक असे. त्याच्या पाठीशी वकील असे आणि वाचकवर्ग असे. सामान्य माणूस कट्ट्यावर, चावडीवर, चहाच्या टपरीवर मनसोक्त बोले आणि ते बोलणे तिथेच विरून जाई. फार तर तो वृत्तपत्राला पत्र लिही. ते छापायचे की केराच्या टोपलीत टाकायचे, हे संपादक ठरवी.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे मोबाइल आला, फेसबुक आले आणि मधला संपादक नाहीसा झाला. ज्याच्या हाती फोन, त्याच्या हाती छापखाना. नगरपालिकेच्या नळापासून पंतप्रधानांच्या भाषणापर्यंत कशावरही मत देण्यासाठी कोणाची परवानगी लागेना. लोकशाहीतला सहभाग पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावण्यापुरता राहिला नाही. ही फार मोठी मिळकत होती. पण त्याबरोबर संपादकाची जोखीमही सामान्य माणसाच्या अंगावर आली, आणि वकील मात्र आला नाही.

२०१२ हे साल त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एप्रिलमध्ये कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना मुख्यमंत्र्यांवरचे एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. त्यातून ते पूर्णपणे मोकळे झाले जानेवारी २०२३ मध्ये. ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरीतल्या एका व्यावसायिकाला एका केंद्रीय मंत्र्याच्या मुलाविषयी ट्विट केल्याबद्दल पोलिसांनी पकडले. नोव्हेंबरमध्ये पालघर. राज्ये निराळी, सत्तेवरचे पक्ष निराळे, कलम मात्र तेच. असे कलम एकदा कायद्यात आले, की ते कोणाच्याही हाती पडते.

पालघरच्या प्रकरणाने देश हलला. संबंधित पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे खटला बंद करण्यात आला. त्याच महिन्यात श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. इतरही याचिका तिला जोडल्या गेल्या. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले, की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय या कलमाखाली अटक करू नये. सुनावणीत सरकारच्या वतीने आश्वासन मिळाले, की कलमाचा वापर समंजसपणे होईल. न्यायालयाचे म्हणणे असे पडले, की सरकारे येतात आणि जातात, कलम मात्र राहते. आजच्या सरकारचे आश्वासन उद्याच्या सरकारला बांधत नाही.

२४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने कलम ६६-अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवले. निकालपत्र नरिमन यांनी लिहिले. त्यातला युक्तिवाद सामान्य वाचकानेही समजून घ्यावा असा आहे. न्यायालयाने बोलण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिली चर्चा, दुसरी एखाद्या मताचा आग्रही पुरस्कार आणि तिसरी चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बोलणे कितीही अप्रिय असले, तरी घटनेचे १९ वे कलम त्याचे रक्षण करते. बोलणे चिथावणीच्या पायरीला पोचले, म्हणजेच कायदा त्याच्या आड येऊ शकतो. ६६-अ ने या तिन्ही पायऱ्या एकाच जाळ्यात ओढल्या होत्या. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ या शब्दांवर तर इंग्लंडच्या एका खटल्यात खालच्या आणि वरच्या न्यायालयांचे एकमत झाले नव्हते. न्यायाधीशांनाच जिथे निश्चित सांगता येत नाही, तिथे ठाण्यातल्या फौजदाराने काय ओळखावे आणि नागरिकाने काय टाळावे? अशा धूसर कायद्याची खरी शिक्षा तुरुंगात भोगावी लागत नाही. माणूस आधीच गप्प बसतो, ती खरी शिक्षा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कायदा मरतो आणि त्याची सवय उरते. निकालानंतरही पोलीस ठाण्यांत या कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले. मार्च २०२१ मध्ये अकरा राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत अशी ७४५ प्रकरणे प्रलंबित असल्याचे ‘पीयूसीएल’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले. हे धक्कादायक आहे, असे न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने म्हटले. कारण विचाराल तर अगदी साधे. कायद्याच्या छापील पुस्तकांत कलम तसेच होते. ते रद्द झाल्याची नोंद खाली तळटिपेत होती, आणि तळटीप कोण वाचतो? अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने आदेश दिला, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये आणि चालू प्रकरणांतून हे कलम वगळावे. निकाल अमलात यावा म्हणून साडेसात वर्षांनी दुसरा आदेश काढावा लागला!

आता दुसरी बाजू. ती टाळून हा विषय मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागून पोट भरणारी डवरी गोसावी समाजातली माणसे आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. जमावाने त्यांच्यापैकी पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मधला संपादक नाहीसा झाल्याची ही किंमत. खरे-खोटे पाहणारे कोणी उरले नाही आणि अफवा क्षणात गावोगाव पोचली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली.

पालघर पाहिले की वाटते, कायदा हात आखडता असावा. राईनपाडा पाहिले की वाटते, कायदा कडक असावा. पण नीट पाहिले तर दोन्हींचा एकमेकांशी झगडा नाही. पालघरमध्ये चार ओळींनी कोणाला इजा केली नव्हती. मोडतोड ज्यांनी केली, ते हात वेगळे होते. राईनपाड्यात जीव गेले. खून, दंगल आणि चिथावणी यांच्यासाठी दंडविधानात कलमे पूर्वीपासून होती. कलम ६६-अ अस्तित्वात असते तरी ती माणसे वाचली असती, असे मानायला काही आधार नाही. म्हणजे म्हणीतला भेद खरा ठरतो. हात धरायचा होता तिथे तो वेळेवर धरला गेला नाही, आणि तोंड धरण्यात मात्र तत्परता दिसली.

हा झगडा पुढेही चालू राहिला. सरकारी कारभाराविषयीचा इंटरनेटवरचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारच्याच तपासणी केंद्राने ठरवावे, असा नियम केंद्राने २०२३ मध्ये केला. तो २० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. फिर्यादीच जर न्यायाधीश झाला तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न त्यामागे होता. तो १८९७ सालीही होता.

छापील कागदाला पचवायला आपल्या समाजाला शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत आपण वाचायला शिकलो, वाद घालायला शिकलो आणि न पटणारा अग्रलेख वाचून ‘केसरी’ किंवा ‘सुधारक’ बाजूला ठेवायलाही शिकलो. हातातल्या फोनला पचवायची शाळा आता कुठे सुरू झाली आहे. न पटणारे दिसले की उत्तर द्यावे, फिर्याद देऊ नये. आणि पुढे पाठवण्याआधी हे खरे आहे काय, असे एकदा स्वतःला विचारावे. पहिली गोष्ट पालघर शिकवते, दुसरी राईनपाडा. दोन्ही धडे कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाहीत. ते आपले आपणच गिरवायचे आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)