सुतार न बोलावता : महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधलं घरगुती लाकूडकाम

आज आपण ज्या गोष्टीचा इतिहास बघणार आहोत, ती वरवर इतकी साधी आहे की तिला काही इतिहास असेल असंच वाटत नाही. भिंतीवर फळी लावणं, कुरकुरणारं दार नीट करणं, रविवारी बसून पुस्तकांचं कपाट जोडणं. इंग्रजीत याला ‘डू इट युवरसेल्फ’ म्हणतात, थोडक्यात डीआयवाय. यावर आपल्याकडे एक ठरलेलं मत ऐकू येतं : साहेबाला हातकामाची लाज नाही, आपल्याला आहे. विषय संपला. आम्हाला हे उत्तर फार घाईचं वाटतं. स्वभाव एका दशकात बदलत नाही, आणि ब्रिटनमधलं हे वेड मात्र १९५० च्या दशकातच इतकं पसरलं.

आधी हौशी लोक नव्हते असं नाही. ‘वुडवर्कर’ हे मासिक १९०१ पासून निघत होतं. पण ते काम अवघड होतं. एका लाकडाला चौकोनी भोक पाडायचं, दुसऱ्याला त्यात घट्ट बसेल असं टोक काढायचं, तेही पटाशीनं. रंध्यानं फळी सपाट करायची. सरस गरम करून तो थंड व्हायच्या आत सांधा दाबून बांधायचा. हे जमायला वर्षं जातात, म्हणून हे सुताराचं काम.

मग युद्ध आलं. ब्रिटन आपलं बहुतेक लाकूड बाहेरून आणत असे, त्यामुळे सप्टेंबर १९३९ मध्येच लाकडावर सरकारी नियंत्रण बसलं. १९४२ मध्ये ‘युटिलिटी’ फर्निचरची योजना ठरली. ठरावीक नमुन्यांची साधी, मजबूत कपाटं आणि खुर्च्या. त्याही नवविवाहितांना आणि बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्यांना, कुपनांवर. फर्निचरचं रेशनिंग १९४८ मध्ये उठलं, योजना १९५२ पर्यंत चालली आणि बांधकामाच्या परवान्यांची पद्धत तर १९५४ च्या नोव्हेंबरात गेली. म्हणजे दुरुस्त्या पंधरा वर्षं तुंबलेल्या. हाताला काम मुबलक, त्यामुळे कारागिराची मजुरी चढलेली, आणि छोट्या कामाला यायला त्याला सवड नाही. त्यातच लोक स्वतःच्या घरात राहू लागले होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५० च्या आसपास साधारण एक तृतीयांश कुटुंबं मालकीच्या घरात होती, १९७१ मध्ये निम्मी. हप्ते फेडून हातात उरलेल्या पैशात सुतार कुठून परवडणार? (आणखी एक बारीकशी गोष्ट : आपल्याच घरात आपणच केलेल्या मजुरीवर प्राप्तिकर लागत नाही!)

पण गरज आहे म्हणून हात तयार होत नाहीत. इथे खरी गोष्ट घडली ती सामानात. हार्डबोर्ड हा लाकडाच्या भुशा-तंतूंचा दाबून केलेला पत्रा. विल्यम मेसन यांनी तो १९२४ मध्ये अमेरिकेत शोधला. त्याला ना गाठ, ना रेषा, ना वाक. रंध्याचं काम कारखान्यानं आधीच करून ठेवलेलं. प्लायवूडचंही तेच. युद्धात ‘मॉस्किटो’ हे विमान लाकडाचं होतं, त्याचे भाग हाय विकमच्या फर्निचरवाल्यांनीही बनवले, आणि त्या कामात कृत्रिम राळेचे डिंक पक्के झाले. असे डिंक वापरायचे तर सरसाचं भांडं चुलीवर ठेवायला नको. उरलं भोक पाडणं. पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेलं विजेचं ड्रिल ब्लॅक अँड डेकरनं पहिल्या महायुद्धाच्या काळातच आणलं होतं, पण ते कारखान्यासाठी. घरगुती गिऱ्हाइकाला परवडेल असं ड्रिल १९४६ मध्ये आलं. त्यालाच करवत लावा, घासणी लावा, काय हवं ते. बघा, जे कसब आधी माणसाच्या मनगटात होतं, ते आता फळीत, डिंकात आणि यंत्रात वाटलं गेलं.

१९५५ मध्ये ‘प्रॅक्टिकल हाउसहोल्डर’ आणि १९५७ मध्ये ‘डू इट युवरसेल्फ’ अशी मासिकं निघाली. आणि बीबीसीवर आले बॅरी बकनेल. कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा, त्यामुळे चुका झाकता येत नसत. सगळ्या देशासमोर काहीतरी पडायचं, निसटायचं. आमच्या मते लोकांना त्यातच धीर आला असावा. १९६२ मध्ये त्यांनी ईलिंगमधलं एक जुनं, पडकं घर ३९ भागांत दुरुस्त करून दाखवलं. त्यांचा आवडता उपाय म्हणजे जुन्या पॅनेलच्या दारावर हार्डबोर्ड ठोकायचा, की दार गुळगुळीत, आधुनिक, धूळ बसायला जागा नाही. शेकोट्याही तशाच झाकल्या गेल्या. पुढच्या पिढीनं तेच पत्रे उचकटून खालचं व्हिक्टोरियन सुतारकाम पुन्हा उघडं केलं, आणि बकनेल यांच्या नावानं बोटं मोडली. हे जरा अन्यायाचं आहे. खिळे छोटे होते म्हणून तर खालचं दार वाचलं.

त्याच बकनेल यांनी जॅक होल्ट यांच्याबरोबर ‘मिरर’ ही १० फूट १० इंचाची शिडाची होडी तयार केली. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेनं अक्षरशः शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेनं चिकटवायची. १९६३ च्या जानेवारीत ती लंडनमध्ये लोकांसमोर आली, आणि आजवर ७० हजारांहून अधिक झाल्या, कित्येक गॅरेजमध्ये जोडलेल्या. होडी बांधणं हे किती पिढ्यांचं गुपित, ते एका खोक्यात आलं!

आता तोच डिंक आपल्याकडे आला तेव्हा काय झालं, तेही पाहू. १९५९ मध्ये मुंबईत बळवंत पारेख यांच्या कंपनीनं फेव्हिकॉल आणला. तोही सरसाला पर्याय, तोही न तापवता वापरायचा. पण त्यांनी तो घरमालकाला विकायचा प्रयत्न केला नाही. थेट सुतारांकडे नेला. आपल्याकडे सुतार होता, त्याची मजुरी मध्यमवर्गाला परवडत होती, आणि ती कमी का होती याचा जातीशी आणि खेड्यातून आलेल्या बेकारीशी संबंध होता, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे डिंकानं इथे सुताराचे कष्ट वाचवले, त्याची जागा घेतली नाही. हॉलमध्ये महिनाभर भुसा उडत राहिला. ब्रिटिश मासिकं वाचकाला मापं आणि कापायच्या फळ्यांची यादी देत होती. पुढे फेव्हिकॉलवाल्यांनी फर्निचरच्या नमुन्यांची पुस्तकं काढली ती सुतारांसाठी. सुतार ते पुस्तक पिशवीतून काढतो, घरातली मंडळी एका चित्रावर बोट ठेवतात, आणि मापं तो भिंतीकडे बघत कानावरच्या पेन्सिलीनं एका प्लायच्या तुकड्यावर मांडतो.