पुण्याचं नाक आणि निपाणीच्या हिरड्या

निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. तंबाखू भाजून केलेली मिश्री बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची सवय या भागातल्या बायकांत जुनी आहे. वर्षानुवर्षं चोळून हिरडी मागे सरकते, दाताचं पिवळट मूळ उघडं पडतं आणि गार पाण्यानेही दात शिवशिवतो. असा रुग्ण बेळगाव गाठतो; केएलईचं दंत महाविद्यालय तिथे १९८५ पासून आहे. मिश्री सुटली आणि हाड शाबूत असलं, तर टाळूतला मांसाचा पातळ पदर काढून उघड्या मुळावर बसवता येतो.

दंतवैद्यकाची पुस्तकं हिरडीच्या या कलमाची कुळकथा बहुधा १९५६ पासून सांगतात. त्या वर्षी ग्रुप आणि वॉरन या अमेरिकनांनी शेजारच्या दाताची हिरडी सोडवून, एका बाजूने जोडलेली ठेवून, उघड्या मुळावर सरकवली. माझ्या मते हे कूळ पुण्याचं आहे.

१७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा बैल हाकणारा टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तांत चित्रासह छापला. त्यात कारागीर वीट पाडणाऱ्यांच्या जातीचा आहे. आपल्याकडे त्याला कुंभार म्हणतात. मला यात विरोध दिसत नाही, कारण कुंभार विटाही पाडत. रुग्णाचं नाव मात्र खटकतं. वृत्तांत त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो आणि नाव पारशी देतो. मूळ नाव ‘कावजी’ असावं आणि इंग्रजी कानाने त्याचं ‘कावसजी’ केलं असावं, असा माझा तर्क आहे.

कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतला, तो कपाळावर सपाट ठेवून तेवढी कातडी कापली, पण दोन डोळ्यांमधला देठ तोडला नाही. त्या देठावर कातडी पिळून खाली आणली आणि कातात भिजवलेल्या पट्ट्यांखाली बसवली. देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापला. आंब्याचं भेटकलमही असंच: जोड धरेपर्यंत फांदी आईच्या झाडावरच असते.

देठ कशासाठी, यातच माझा सगळा मुद्दा आहे. नाकाच्या पोकळीत नव्या कातडीला रक्त पुरवायला काही नाही. दाताचं मूळही तसंच, टणक आणि रक्तहीन. हाताच्या कातडीने नाक करणारा इटलीचा ताग्लियाकोझ्झी १५९७ मध्येच पुस्तक लिहून गेला होता, हे खरं. पण शेजारचीच कातडी देठासह वळवायची रीत युरोपात रुजली ती पुण्याच्या बातमीने. कारप्यू या शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनला ती करून दाखवली.

विरोधक म्हणतील, हिरडीचं कलम स्वतंत्रपणे सुचलं. यंगर आणि हार्लन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अमेरिकेत असे प्रयोग केले होते, आणि त्यांपैकी कुणी पुण्याची बातमी वाचल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. तरीही प्लास्टिक सर्जरीच्या शाळेत कारप्यूनंतर देठाचा धडा सगळेच शिकत होते; दाताचे डॉक्टर त्या हवेबाहेर नव्हते. कूळ आणखी मागे न्यायचं, तर सुश्रुताने गालाच्या मांसाने कानाची पाळी घडवली आणि दातांच्या मुळांचे पंधरा रोग मोजले, पण त्याच्या हिरडीच्या उपचारांत रक्त काढणं आणि खरवडणं आहे, कलम नाही. म्हणून मी सुश्रुताला मूळपुरुष मानतो, जनक नाही.

देठाची ही एक शाखा झाली; दुसरी शाखा सुट्या तुकड्याची. १९६३ मध्ये ब्यॉर्न आणि १९६८ मध्ये सलिव्हन व ॲटकिन्स यांनी टाळूचा तुकडा पूर्ण सोडवून लावला. माप घ्यायला कथलाच्या वर्खाचा नमुना वापरत. पुण्याचा मेणाचा पत्रा इथेही आठवतोच. पण रुंद उघड्या मुळावर अशा तुकड्याचा मधला भाग उपाशी राहून मरू शकतो. १९८५ मध्ये लँगर दांपत्याने टाळूच्या आतला पदर काढून तो जोडलेल्या हिरडीखाली सरकवला, म्हणजे त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून रक्त मिळालं. इथे दोन्ही शाखा एकत्र आल्या.

तंबाखू हेच रक्त तोडतो, कारण निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून टाळूला हात लावण्याआधी डॉक्टरांनी मिश्री थांबवायला सांगितली, तर ती शस्त्रक्रियेचीच पहिली पायरी समजावी.