नसलेल्या तारखांचा इतिहास

१५८२ सालच्या ऑक्टोबरची ४ तारीख, गुरुवार. त्या रात्री स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस येथील मठात आविलाच्या संत तेरेजाने देह ठेवला. रात्र सरली, शुक्रवार उजाडला, आणि तारीख लागली १५ ऑक्टोबर! तिचा सण आपण १५ ऑक्टोबरला साजरा करतो, त्यामागे हा इतिहास आहे.

जुन्या ज्युलियन कालगणनेचे वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. ही मिनिटे साचत गेली आणि निसिया धर्मपरिषदेच्या काळी, ३२५ साली, २१ मार्चच्या सुमारास येणारा वसंतसंपात सोळाव्या शतकात ११ मार्चपर्यंत मागे सरला. संपातावर अवलंबून असलेला ईस्टरचा सण त्यामुळे ढळू लागला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी २४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्राने नवी कालगणना जाहीर केली. तिची मूळ योजना लुईजी लिलिओ या वैद्याची; तिच्या समर्थनार्थ पुढे झटले ते येशूसंघीय गणिती क्लाविउस.

सर्वांनी ती एकाच वेळी स्वीकारली नाही. ब्रिटनने आपल्या आशियातील प्रदेशांसह १७५२ साली २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर धरला. स्वीडनने मध्येच धरसोड केली आणि जुन्या गणनेकडे परतताना १७१२ साली चक्क ३० फेब्रुवारी पाळला! तेव्हा तारीख खरी की खोटी हे ठरविण्यापूर्वी ती कोठली व केव्हाची, हे विचारावे लागते.

संगणकाला हा इतिहास आपोआप कळत नाही. पायथन ही संगणकभाषा ३० फेब्रुवारी साफ नाकारते. परंतु १० ऑक्टोबर १५८२ ही तारीख निमूट स्वीकारते, कारण ती ग्रेगरियन नियम मागील शतकांनाही लावते. जावा भाषेच्या जुन्या प्रणालीला दहा दिवसांची ही फट ठाऊक आहे. पण तिला कडक राहण्यास न सांगितल्यास ती १० ऑक्टोबरचा २० ऑक्टोबर करते, आणि साध्या वर्षातील ३० फेब्रुवारीचा २ मार्च.

हा प्रश्न आमच्या दारी आला तो धर्मग्रामाची जुनी स्नानसंस्कार नोंदवही संगणकात उतरविताना. एका पानावर स्वच्छ अक्षरांत '३१ जून' असे लिहिले होते. संगणकाने मुकाट्याने '१ जुलै' केले. लिहिणाऱ्याच्या मनात ३० जून असेल, २१ जून असेल किंवा ३१ जुलैही असेल. १ जुलै मात्र त्याने खचितच लिहिला नव्हता. चूक दिसेनाशी झाली की ती शोधण्याची वाटही बुजते. अशाच नोंदीवरून उद्या कोणाच्या लग्नाची कागदपत्रे व्हायची असतात.

पोप ग्रेगरींनी दहा तारखा गाळल्या, परंतु जाहीरपणे, कारण सांगून. आम्ही तोच धडा घेतला. आता एका रकान्यात मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवितो आणि दुसऱ्यात तपासून ठरविलेली तारीख. त्या ३१ जूनपुढील दुसरा रकाना आम्ही अद्याप कोराच ठेवला आहे.