डेम्लो संख्या : नाम आणि रूप

संख्येचे गुणधर्म तिच्या राशीत असतात की तिच्या अंकलेखनात, हा प्रश्न १२३४५६७८९८७६५४३२१ ह्या सतरा अंकी संख्येच्या संदर्भात विशेष लक्षणीय ठरतो. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ ह्या संख्येचा हा वर्ग होय. दोन्ही दिशांनी ती सारखीच वाचली जाते.

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) ह्यांनी दिले. त्यांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यास व पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाल्यावर ते देवळालीस शाळाशिक्षक झाले आणि १९६२ पर्यंत त्याच पेशात राहिले. ठाण्यास १८५३ मध्ये व कल्याणास १८५४ मध्ये पोहोचलेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या मार्गावर, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील स्थानकात त्यांना ह्या संख्यांची कल्पना सुचली, असे त्यांच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. ते स्थानक 'डेम्लो', म्हणजेच आजची डोंबिवली. १९३८ मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' ह्या नियतकालिकात ह्या संख्यांवरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

डेम्लो संख्येचे लक्षण असे : आद्य व अंत्य भागांची बेरीज केली असता मधल्या भागातील अंकच पुनःपुन्हा मिळावा. १६५ मध्ये १ व ५ मिळून ६ होतात. ४७७७३ मध्ये ४ व ३ मिळून ७. प्रस्तुत संख्येत १२३४५६७८ व ८७६५४३२१ ह्यांची बेरीज ९९९९९९९९ येते आणि मध्यभागी ९ आहेच. दहा वेळा १ लिहून वर्ग केल्यास मात्र हातचा येतो व १२३४५६७९००९८७६५४३२१ ह्या संख्येत ती सममिती भंगते.

हे सारे दशमान लेखनाचे कौतुक आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतःच ग्राह्य आहे. अष्टमान पद्धतीत सात वेळा १ लिहून वर्ग केल्यास १२३४५६७६५४३२१ हेच रूप सिद्ध होते. मर्यादा आधारसंख्येनुसार बदलते, नियम बदलत नाही.

संख्येचे अवयव तर लेखनपद्धतीवर मुळीच अवलंबून नसतात. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७; म्हणून तिच्या वर्गाला एकंदर ४५ विभाजक आहेत. त्या वर्गाच्या अंकांची बेरीज ८१. ८१ ने त्यास निःशेष भाग जातो व १२३४५६७९ चा वर्ग उरतो. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनीच 'हर्षद' म्हटले. एकच संख्या अशा रीतीने त्यांच्या दोन्ही प्रकारांत बसते, आणि येथे अंकलेखन व राशी ह्यांची गाठ पडते.

नामकरणाच्या दृष्टीने हे दोन प्रकार भिन्न आहेत. 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, हे संस्कृत घडणीचे नाव संख्येचे कौतुक करते. 'डेम्लो' हे केवळ स्थळनाम संख्येविषयी काहीच सांगत नाही. परंतु विद्यापीठीय पद नसलेल्या एका शिक्षकाचे संशोधन कोठे सुरू झाले, ह्याची नोंद मात्र ह्या दुसऱ्या नावानेच राखली आहे.