कूपरस्ता आणि ओढा : ओलांडणीचे शास्त्र

जंगलतोडीमुळे ओढे गढूळ होतात, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. झाड तोडले तरी त्याचा खुंट, मुळे आणि पालापाचोळा काही काळ माती धरून ठेवतात. ओढ्यात येणारा बराचसा गाळ कूपातल्या, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या वनखंडातल्या, कच्च्या रस्त्यांवरून आणि ओंडके ओढण्याच्या वाटांवरून येतो. रस्ता ओढा ओलांडतो तिथे हा गाळ थेट पाण्यात उतरतो. म्हणून वनकामातली ओलांडणी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

या विवेचनाचा मुख्य सिद्धान्त असा : कोणतीही ओलांडणी कधी ना कधी तुंबणार किंवा बुडणार. ती ज्या दिवशी बुडेल, त्या दिवशी पाणी कुठे जाईल हे बांधतानाच ठरवले पाहिजे.

विवेचनासाठी दक्षिण गडचिरोलीतले, आलापल्ली-सिरोंचा भागातले सागाचे जंगल समोर ठेवू. तिथे तोड आणि वाहतूक कोरड्या महिन्यांत होते, तर वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. जानेवारीत कोरडा ठणठणीत दिसणारा नाला जुलैत दोन्ही काठ भरून वाहतो. काठांवरचे पूररेषेचे डाग आणि झुडपांत अडकलेला कचरा पाहिल्याशिवाय कुदळ मारू नये.

१. प्रकार

ओलांडणीचे मुख्य प्रकार चार. पहिला रपटा : तळ कठीण आणि काठ बसके असतील तिथे ओढ्याच्या पात्रातच दगड घट्ट बसवून केलेली वाट. दुसरा मोरी : पाइपावर भराव. तिसरा पूल : पात्राला हात न लावता काठापासून काठापर्यंत टाकलेला. चौथा कच्चा भराव : ओंडके आणि माती टाकून केलेली हंगामी वाट. हा प्रकार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक. क्वचित वाहतूक असेल तर रपटाच उत्तम, कारण त्यात तुंबण्यासारखे काही नसते.

२. जागा

पहिला नियम संख्येचा : दोन ठिकाणांऐवजी एकाच ठिकाणी ओलांडता आले तर एकच ओलांडणी करावी. दुसरा नियम जागेचा : पात्र सरळ, अरुंद आणि खडकाळ असावे, आणि रस्त्याने ते काटकोनात छेदावे. वळणावर बाहेरचा काठ पाणी खातच असते, तिथे केलेले काम टिकत नाही. उन्हाळ्यात पाणी धरणाऱ्या डोहाच्या वरच्या अंगाला ओलांडणी टाळावी. गाळाने डोह भरला तर मे महिन्यात जनावरांना पाणी उरत नाही.

३. पाण्याचा हिशेब

ओढ्याचे पाणलोट 40 हेक्टर, पावसाचा जोर तासाला 75 मिलिमीटर, आणि त्यातले निम्मे पाणी वाहून येते असे धरू. तासाला 15,000 घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 4.2 घनमीटर पाणी ओलांडणीपाशी येईल. 600 मिलिमीटर व्यासाच्या पाइपाच्या तोंडाचे क्षेत्रफळ 0.28 चौरस मीटर. वेग सेकंदाला अडीच मीटर धरला तर तो जेमतेम 0.7 घनमीटर पाणी नेईल. म्हणजे असे सहा पाइप लागतील.

आता व्यास दुप्पट करू. त्याच उतारावर, भरून वाहताना, 1200 मिलिमीटरचा पाइप सव्वासहा पटींहून अधिक पाणी नेतो. क्षेत्रफळ चौपट होते, आणि घर्षण तुलनेने घटल्याने वेगही वाढतो. सहा लहान पाइपांचे काम एकच मोठा पाइप करतो, शिवाय त्याच्या तोंडात फांदी अडकण्याची शक्यता कमी. दोन-तीन लहान पाइप शेजारी शेजारी टाकून भागवण्याची सवय म्हणूनच सोडली पाहिजे.

४. बांधणी

पाइपाचा उतार ओढ्याच्या तळाच्या उताराइतकाच ठेवावा आणि व्यासाचा सुमारे पाचवा हिस्सा तळाखाली गाडावा. तोंड अधांतरी राहिले तर खाली खड्डा पडतो आणि पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला वर निघालेले चढणीचे मासे तिथेच अडतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते 64 पट वजनाचा दगड हलवू शकते. म्हणून पाइपाच्या दोन्ही तोंडांशी, विशेषतः खालच्या अंगाला, मोठ्या दगडांचे पिचिंग हवेच.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट रस्त्याच्या चढउताराची. रस्ता दोन्ही बाजूंनी ओलांडणीकडे उतरत आला पाहिजे. मोरी तुंबली तर पाणी भरावावरून जाईल, कदाचित भरावही वाहून नेईल, पण पुन्हा आपल्याच पात्रात पडेल. रस्ता एका बाजूला उतरत पुढे गेला असेल तर तुंबलेला ओढा रस्त्यालाच पात्र करतो. मग वाहून जाते ती एका भरावाची माती नसते, तर पुढच्या शेकडो मीटर उताराची.

रस्त्याकडेच्या चरातले गढूळ पाणीही ओढ्यापर्यंत आणू नये. अलीकडेच आडवे चर काढून ते जंगलात सोडावे. पाचोळ्यात गाळ बसतो, पाणी जिरते.

५. देखभाल

तपासणीच्या वेळा तीन : मृग लागण्याआधी, पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच आणि पावसाळा सरल्यावर. यांतली मधली सर्वांत मोलाची, कारण वर्षभर साचलेला काडीकचरा पहिलाच पूर घेऊन येतो. एका माणसाने फावड्याने तासाभरात मोकळे केलेले तोंड पूर्ण भराव वाचवते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर वाहने बंद ठेवणे हीदेखील देखभालच.

६. काढून टाकणे

हंगामी भराव मृगाआधी पूर्ण उचलावा. माती पूररेषेच्या वर टाकावी, काठांना मूळचा उतार द्यावा आणि उघड्या जमिनीवर गवताचे बी पेरून पाचोळा पसरावा. हे काम मागे राहते, कारण शेवटची गाडी डेपोत पोचली की कूप संपला असे मानले जाते. यावर उपाय एकच : भराव काढण्याचा खर्च आणि मुदत कामाच्या अंदाजपत्रकातच लिहावी, आणि ते झाल्याशिवाय कूपाचे काम पूर्ण धरू नये.

लाकूड जंगलातून बाहेर जाते, ओढा तिथेच राहतो आणि खालच्या गावांची शेती, विहिरी, मासेमारी त्याच्यावर चालते. म्हणून कूपाचे काम जोखताना किती घनमीटर लाकूड निघाले एवढेच मोजणे पुरेसे नाही. पुढच्या पावसाळ्यात ओढा आपल्याच पात्रातून वाहिला का, हेही त्याच कागदावर नोंदले गेले पाहिजे.