संगणक बदलला आणि साल्हेर हरवला

#थ्रेड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. सटाण्यातील आमच्या घरचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून त्यावर लिनक्स घेतले. मग प्रश्न उरला तो असा: जुन्या कामांसाठी नवी साधने कोणती?

बहुतेक उत्तरे सोपी निघाली. वर्डऐवजी लिब्रेऑफिस, फोटोशॉपऐवजी गिंप, कोरलड्रॉऐवजी इंकस्केप. पेजमेकरच्या जुन्या फायलीसुद्धा लिब्रेऑफिस २०१५ पासून उघडू शकते. दोन संध्याकाळींत यादी संपली.

अडले ते एका टिपणापाशी. विषय बागलाणचा इतिहास: १६३८ मधील मोगलांचा विजय, मुल्हेर, १६७२ ची साल्हेरची लढाई. परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी ते सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी गावातच टंकून घेतले होते. फाईल उघडली. परिच्छेद जागच्या जागी होते, पण पानभर रोमन अक्षरांचा चुरा! 'साल्हेर' हा शब्द शोधला, तर एकही नोंद सापडली नाही.

हे का घडते, ते समजून घेण्यासाठी सर्वपरिचित कृतिदेव फॉन्ट घ्या. त्यात टंकलेला 'साल्हेर' संगणकाच्या लेखी साल्हेर नसतोच. तिथे एल, के, वाय, जी, एस, जे ही सहा रोमन अक्षरे साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो वेश उतरतो आणि खाली उरतात ती सहा अक्षरे.

ही पद्धत आली कुठून? डॉसच्या काळात संगणकात जिस्ट कार्ड बसवून देवनागरी उमटवता येई. या तंत्राचा पाया आयआयटी कानपूरमध्ये घातला गेला आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे वाढले. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानकही प्रसिद्ध झाले. म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देण्याची वाट तेव्हाच खुली होती. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीसुद्धा इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे.

परंतु विंडोज ९५ आणि ९८ यांना देवनागरी येत नव्हती. बाजाराने मग जवळची वाट धरली: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट. मंगल फॉन्टसह देवनागरी आली ती विंडोज २००० मध्ये. तोवर हात बसले होते. डीटीपी चालवणाऱ्यांना यासाठी दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्यांना हवा होता छापील कागद, आणि कागदावर अक्षर सुरेख उमटत होते. फाईल पुढे कोणी वाचेल, हा विचार त्या व्यवहारात नव्हताच.

म्हणून इथे पर्यायी सॉफ्टवेअर शोधून भागत नाही, मजकुराचेच लिप्यंतर करावे लागते. सुदैवाने वर्डच्या फाईलमध्ये फॉन्टचे नाव नोंदलेले असते. त्यावरून योग्य परिवर्तक निवडता आला. तरी या जातीच्या फॉन्टमध्ये तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात. 'किल्ला' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी येते, तर 'दुर्ग' मधला रफार 'ग'च्या नंतर. दोन्ही उलटवून जागेवर आणावे लागतात. परिवर्तक पुष्कळसे करतो, पण सगळे नाही. गडांच्या इतिहासात किल्ले आणि दुर्ग किती वेळा येतात, हे मला तीन रात्री जागून कळले.

एक विसंगती मनातून जात नाही. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पेशवाईतील पत्राचे अक्षर आज संगणकात आपल्या स्वतःच्या क्रमांकाने नोंदवता येते. पंचवीस वर्षांपूर्वी थेट संगणकावरच लिहिलेला मजकूर मात्र स्वतःची ओळख हरवून बसला आहे. मोडी वाचणारे जाणकार तरी मिळतात. विस्मृतीत गेलेल्या फॉन्टचा जाणकार कुठे शोधावा?

आता 'साल्हेर' शोधला की एकतीस ठिकाणी सापडतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकारलेल्या बारा किल्ल्यांत तो आहेच. आमच्या फाईलमध्येही आला.

शिक्षकांकडे अजून तीन फ्लॉपी आहेत. सटाणा, मालेगाव किंवा नाशिक परिसरात कोणाकडे चालू फ्लॉपी ड्राइव्ह असल्यास कृपया कळवा.