सामुराई दुपारी काय जेवत होता?

सोनपेठसारख्या गावातून आलेल्या माणसाला जपानी सामुराई सिनेमांचं एवढं काय वेड, असं मला घरचे, दारचे आणि ब्लॉगवाले दोस्त सगळेच विचारत आले आहेत. आमच्या आत्याने तर "ते तलवारी घेऊन ओरडणारे" एवढ्या चार शब्दांत सगळ्या जपानी सिनेमाची वासलात लावून टाकली आहे. :) तेव्हा आज जरा सविस्तर लिहावं म्हणतो. चहा घेऊन बसा, लेख लांबणार आहे.

सुरुवात एका न झालेल्या सिनेमापासून करतो. 'सेव्हन सामुराई'च्या आधी अकिरा कुरोसावा आणि त्याचा पटकथालेखक शिनोबू हाशिमोतो यांच्या डोक्यात वेगळीच गोष्ट होती. एका साध्या सामुराईचा एक दिवस. सकाळी उठतो, कामावर जातो, तिथे काहीतरी चूक होते आणि घरी येऊन तो पोट फाडून घेतो. हाशिमोतोने अभ्यास सुरू केला आणि गाडी एका फालतू वाटणाऱ्या प्रश्नावर अडली. त्या काळातला सामुराई दुपारी जेवत होता का? जेवत असेल तर डबा घरून यायचा का? खात्रीचं उत्तर मिळेना, आणि तेवढ्यावरून सिनेमा सोडून दिला! आपल्याकडे पटकथा एवढ्यासाठी अडेल का, विचार करून बघा. कुरोसावाचे वडील स्वतः जुन्या सामुराई घराण्यातले होते, म्हणजे त्याच्यासाठी हा विषय घरचाच होता. तरी "चालतंय, कोण बघतंय" म्हणून तो पुढे गेला नाही.

माझं म्हणणं असं की या सिनेमांच्या टिकण्याचं गुपित त्या दुपारच्या जेवणात आहे. तलवार सगळ्यांकडे असते. ती धरणारा हात कुणाच्या अन्नावर पोसला जातो, हे फार थोडे विचारतात.

'सेव्हन सामुराई' आला १९५४ साली. साडेतीन तासांच्या जवळपास जाणारा सिनेमा. गोष्ट सोळाव्या शतकाच्या शेवटाकडची, यादवीच्या दिवसांतली. पीक हाताशी आलं की दरोडेखोर येणार हे एका खेड्याला कळतं. राखणीला सामुराई ठेवायचे, पण द्यायला पैसा नाही. गावातला म्हातारा तोडगा सांगतो, भुकेले सामुराई शोधा. मोबदला काय, तर भात. सामुराईंना भात घालता यावा म्हणून शेतकरी स्वतः भरड धान्यावर राहतात. शहरात त्यांचा तांदूळ चोरीला जातो तेव्हा सांडलेले दाणे एक जण जमिनीवरून एकेक करून वेचतो. कुरोसावा तिथे कॅमेरा हलवायची घाई करत नाही. आणि म्होरक्या कानबेई जेव्हा काम स्वीकारतो तेव्हा ना शपथ, ना आवेशाचं भाषण. तो भाताचा वाडगा हातात घेतो आणि हे अन्न वाया जाऊ देणार नाही अशा अर्थाचं एक वाक्य बोलतो. बस्स.

१९७२ च्या दुष्काळात लाल मिलो खाऊन दिवस काढलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या आबांना मी हा सिनेमा घरी दाखवला होता, सीडीवर. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नसत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. पहिला तासभर ते सुपारी कातरत अर्धवट बघत होते. मग किकुचियोचा तो प्रसंग आला (तोशिरो मिफुने. काय माणूस होता!). शेतकऱ्यांनी पळत्या, जखमी सामुराईंना मारून त्यांची चिलखतं दडवून ठेवली आहेत हे उघड होतं आणि सामुराई संतापतात. तेव्हा किकुचियो, जो स्वतः शेतकऱ्याचा पोर आहे, त्यांच्यावर उसळतो. शेतकरी लबाड असतात, नाही नाही म्हणतात आणि जमिनीखाली धान्य पुरून ठेवतात, हे तो मान्यच करतो. पण त्यांना असं केलं कुणी? तुम्हीच, गावं जाळणाऱ्या आणि धान्य ओढून नेणाऱ्या तुम्ही सामुराईंनी.

आबांचा अडकित्ता थांबला. म्हणाले, "ह्यायच्याबी घरात पेव हाय म्हण की!"

नव्या वाचकांसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला धान्याचा खड्डा, आतून कडबा-भुसा लावलेला. ज्वारी त्यात ठेवायची आणि तोंड बंद करून वर माती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पेव मात्र आता बघायला मिळत नाही. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि चाळीसच्या दशकात तिथे धान्याची सक्तीची लेव्ही होती. त्या दिवसांत गावातल्या पेवांची तोंडं कुठे कुठे होती हे फक्त घरच्यांना माहीत असायचं. आबा त्यावर अर्धा तास बोलले. मी सिनेमा थांबवून ठेवला. तोवर मला सामुराई सिनेमा म्हणजे जपानचा सिनेमा वाटायचा.

'शोले' सगळ्यांनी बघितला आहे, म्हणून त्याच्याशी ताडून बघू. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला, आणि त्याचं मूळ बऱ्याच अंशी याच गोष्टीत. मला शोले तोंडपाठ आहे, तेव्हा रागावू नका. पण तिथे भाडोत्री शूर आणतो तो ठाकूर, पैसेही त्याचेच आणि सूडही त्याचाच. रामगढचे शेतकरी धान्याची पोती देतात आणि बाजूला उभे राहतात. कुरोसावाकडे शेतकरीच निवड करतात, शेतकरीच भाले घेऊन उभे राहतात, आणि शेवटी जिंकतात तेही शेतकरीच. सातांपैकी चार सामुराई मरतात. चौघांतला एकही तलवारीने मरत नाही, चौघेही बंदुकीच्या गोळीने. उरलेले तिघे थडग्यांपाशी उभे असतात आणि खाली गाव गाणी म्हणत भातलावणीत गुंतलेलं असतं. आपण पुन्हा हरलो, हे कानबेई म्हणतो ते उगाच नाही.

आता थोडा इतिहास. जपानमध्ये सामुराईंना उघड तलवार बाळगायला बंदी झाली १८७६ साली. आपल्याकडे ब्रिटिशांचा हत्यारांचा कायदा आला १८७८ साली. दोनच वर्षांचं अंतर! दोन्हीकडे तलवार आधी कमरेवरून उतरली आणि काही दशकांनी पडद्यावर चढली. पडद्यावरही तिला सुखाने राहू दिलं नाही. शांतारामबापूंचा १९३० सालचा शिवाजीमहाराजांवरचा मूकपट आधी 'स्वराज्याचं तोरण' होता. ब्रिटिश सेन्सॉरने आक्षेप घेतले आणि तो 'उदयकाल' नावाने आला. जपानमध्ये युद्धानंतर अमेरिकन ताबा आला, आणि सरंजामी निष्ठा, सूड, तलवारबाजी दाखवणाऱ्या सिनेमांवर १९४५ पासून बंधनं आली. ताबा १९५२ मध्ये संपला. त्याच वर्षी इकडे भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' आला.

इथून वाटा वेगळ्या झाल्या, आणि त्याला कारण आहे. भालजींची पिढी गुलामीतून बाहेर येत होती. आपल्या मनगटात जोर होता, हे लोकांना सांगणं ही तेव्हाची गरज होती. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कोल्हापुरातला आपला स्टुडिओ जळालेला बघून पुन्हा उभा राहिलेला माणूस तो. त्यांच्या सिनेमांना मी नावं ठेवणार नाही. जपानी मात्र उलट्या टोकाला होते. तलवारीच्या, स्वामिनिष्ठेच्या गोष्टी सांगून सांगून त्यांच्या राज्यकर्त्यांनी देश युद्धात नेला होता आणि शहरं जळून गेली होती. तलवारीकडे संशयाने बघायला त्यांना वेगळं शिकायची गरज नव्हती. मासाकी कोबायाशीचा 'हाराकिरी' (१९६२) बघा. यादवी संपल्यावर बेकार झालेला एक तरुण सामुराई आजारी मुलासाठी आपली तलवारीची पाती विकतो आणि म्यानात बांबूची पाती ठेवून फिरतो. पुढे त्याच बांबूच्या पातीने त्याला पोट फाडायला लावतात. वीरश्रीच्या दिखाव्याची इतकी सालं काढणारा सिनेमा मी दुसरा बघितलेला नाही. (रात्री एकट्याने बघू नका, झोप लागत नाही.)

आपली गरज मात्र १९५२ साली होती तिथेच थांबली आहे असं मला वाटतं. भालजींचा 'पावनखिंड' १९५६ चा, नवा 'पावनखिंड' २०२२ चा. तंत्र कितीतरी सुधारलं, थिएटरंही भरली, मीही शिट्ट्या मारल्या. पण यातल्या बहुतेक सिनेमांत सैन्य जेवतं कुठे आणि घोडी खातात काय हे कळत नाही. शेतकरी असतो तो जयजयकाराला.

आणि गंमत म्हणजे मसाला आपल्याकडे जपान्यांपेक्षा जास्त आहे! शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा. या दोघांच्या ऐपतीतल्या आणि रुबाबातल्या फरकावरच एक सिनेमा होईल. पावसाळ्यात शेतावर असणारा आणि दसऱ्यानंतर मोहिमेवर निघणारा माणूस शेतकरी की शिपाई, हा तर कुरोसावाचाच प्रश्न.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे महाराजांचं ते चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं आहे. समोर पावसाळा, लष्कर तळ देऊन बसलेलं. महाराज अंमलदारांना बजावतात की घोड्यांसाठी साठवलेलं दाणावैरण बेताने वापरा. आत्ताच उधळलंत तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग तुमची माणसं कुणब्याच्या घरात शिरतील. कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी भाजी. जे लागेल ते बाजारातून विकत घ्या. नाहीतर कुणब्याला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे.

पत्र इथे संपत नाही. पुढे आगीची काळजी आहे. कुणी स्वयंपाक करील, कुणी तंबाखू ओढील, ठिणगी उडेल. आणि मग ते उंदराचं वाक्य येतं. रात्री दिवे तसेच जळत ठेवाल तर एखादा उंदीर पेटती वात तोंडात धरून पळेल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. एवढं राज्य उभारणारा माणूस मे महिन्यात बसून उंदराचा विचार करतो आहे.

कुरोसावाने त्या उंदरावर दहा मिनिटं घालवली असती. रात्र, झोपलेली छावणी, एक विसरलेला दिवा, पलीकडे गवताच्या गंजी, आणि त्यापलीकडे कुणब्याचं घर, जिथे अजून कुणीतरी जागं आहे.